‘हिदरटू’ हे इंग्रजी क्रियाविशेषण उर्दूभाषकांना कसे समजावावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालेगाव, भिवंडी, मुंबई, नागपूर आणि मराठवाड्यातील अनेक गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत आणि तेथे इंग्रजी शिकवणाऱ्यांत मराठी मातृभाषा असलेले शिक्षकही आहेत. इंग्रजी, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषांत काम करणारे अनुवादकही आहेत. या मंडळींना इंग्रजी अग्रलेखांत, न्यायालयीन निकालपत्रांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत अधूनमधून भेटणारा ‘हिदरटू’ हा शब्द उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागतो. कोशात त्यापुढे ‘अब तक’ एवढेच दिलेले दिसते, विद्यार्थी ते पाठ करतो आणि पुढची सगळी वाक्ये चुकतात. ती का चुकतात, हे नीट कळावे यासाठी पुढील प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

हा शब्द नेमका कोणता आणि त्याचा मूळ अर्थ काय?

इंग्रजीत हा शब्द एच, आय, टी, एच, ई, आर, टी, ओ अशा आठ अक्षरांनी, मध्ये जागा न सोडता, एकसंध लिहितात. उर्दू व्याकरणात ज्याला मुतअल्लिक़-ए-फ़ेल म्हणतात त्या वर्गातला, म्हणजे आपल्या क्रियाविशेषणाच्या वर्गातला, हा शब्द आहे. ‘या क्षणापर्यंत’ किंवा, भूतकाळातली हकीकत सांगत असताना, ‘त्या क्षणापर्यंत’ असा त्याचा अर्थ होतो. मात्र नुसत्या अर्थापेक्षा त्यातली मर्यादा महत्त्वाची आहे. एखादी स्थिती मागून चालत आली आणि एका हद्दीपाशी येऊन थांबली, असे हा शब्द सुचवतो. त्या हद्दीच्या पलीकडे काहीतरी बदलणार आहे किंवा बदलले आहे, अशी चाहूल त्यात बहुतेक वेळा असते. ही चाहूल ‘अब तक’ या शब्दांत आपोआप येत नाही आणि उर्दूभाषक विद्यार्थ्यांची बरीचशी अडचण येथूनच सुरू होते.

उच्चार कसा करावा?

शब्दाचे तीन अवयव आहेत आणि मुख्य आघात शेवटच्या ‘टू’वर पडतो. ब्रिटिश उच्चारात मधला ‘र’ ऐकू येत नाही, अमेरिकी उच्चारात तो येतो. पहिला अवयव ऱ्हस्व आहे, ‘ही’ असा लांबवू नये.

मधला ‘द’ मात्र आपला मराठी ‘द’ नव्हे. मराठी ‘द’ उच्चारताना जीभ दातांना टेकून हवा क्षणभर अडवते. इंग्रजी ध्वनीत जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेशी हलकेच असते आणि हवा घासत बाहेर पडत राहते. उर्दूभाषक विद्यार्थ्याला हा ध्वनी शिकवण्याची एक अतिशय सोपी वाट आहे आणि मराठी शिक्षकांना ती बहुधा माहीत नसते. रोजच्या उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय या चारही अक्षरांचा उच्चार ‘ज़’ असाच होतो. परंतु ज्या मुलांनी तजवीदसह, म्हणजे शुद्ध उच्चाराच्या नियमांसह, कुरआनपठण शिकले आहे, त्यांना ज़ाल या अक्षराचा अरबी मख़रज, म्हणजे उच्चारस्थान, वेगळा शिकवलेला असतो : जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावून, आवाज घुमवत. ‘हिदरटू’मधला ध्वनी नेमका तोच आहे. ‘ज़ाल जैसे तजवीद में अदा करते हो, वैसे’ एवढे सांगितले की अशी मुले पहिल्याच प्रयत्नात बरोबर उच्चार करतात आणि तो आपल्यापेक्षा चांगला करतात. ज्यांना ही ओळख नाही त्यांनी साधा ‘द’ म्हटला तरी चालते. ‘हिज़रटू’ हा उच्चार मात्र टाळावा.

हा शब्द बनला कसा? व्युत्पत्तीचा शिकवताना उपयोग होतो का?

होतो, आणि येथे तो आवर्जून करावा. जुन्या इंग्रजीत स्थळ आणि दिशा यांसाठी शब्दांच्या वेगवेगळ्या ओळी होत्या. ‘हिअर, देअर, व्हेअर’ ही स्थळाची ओळ, तर ‘हिदर, दिदर, व्हिदर’ ही दिशेची ओळ. आजच्या इंग्रजीत दुसरी ओळ जवळजवळ लोपली आहे, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही हा फरक शिकावा लागतो. उर्दूत मात्र तो जिवंत आहे : ‘यहाँ, वहाँ, कहाँ’ ही स्थळाची ओळ आणि ‘इधर, उधर, किधर’ ही दिशेची. मराठीतही ‘इथे, तिथे’ आणि ‘इकडे, तिकडे’ असा भेद आपण रोज पाळतो. तेव्हा ‘हिदर’ म्हणजे ‘इधर’ आणि ‘टू’ म्हणजे ‘तक’, मिळून ‘इधर तक’, अशी फोड विद्यार्थ्याला लगेच पटते. ‘हिदर’ आणि ‘इधर’ यांच्या ध्वनीतले साम्य लक्षात ठेवायला उपयोगी आहे, पण त्यावरून या दोन शब्दांचे नाते जोडू नये.

प्रारंभी हा शब्द जागेसाठीही वापरला जाई. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ईयोबाच्या पुस्तकात ईश्वर समुद्राला ‘येथवर ये, यापुढे नको’ असे बजावतो, तेथे ‘येथवर’साठी हाच शब्द आहे. पुढे स्थळाचा अर्थ मागे पडला आणि काळाचा उरला. उर्दू क़वायद, म्हणजे व्याकरण, शिकलेल्या मुलांना ज़र्फ़-ए-मकाँ (स्थळवाचक) आणि ज़र्फ़-ए-ज़माँ (काळवाचक) या संज्ञा ठाऊक असतात. त्यांना ‘हा शब्द मकाँचा होता, तो ज़माँचा झाला’ एवढे एक वाक्य पुरते.

एक इशारा येथेच द्यायला हवा. ‘इधर तक’वरून विद्यार्थी ‘यहाँ तक’कडे आणि तेथून ‘यहाँ तक कि’कडे घसरतो. ‘यहाँ तक कि’ म्हणजे मराठीतले ‘इतके की’ किंवा ‘अगदी अमुकसुद्धा’. त्या अर्थाशी ‘हिदरटू’चा काहीही संबंध नाही.

उर्दूत यासाठी कोणता प्रतिशब्द द्यावा?

एकच प्रतिशब्द देऊन भागत नाही. साध्या गद्यात ‘अब तक’ हाच पहिला पर्याय ठेवावा. मजकूर औपचारिक असेल, म्हणजे अहवाल, निवेदन किंवा न्यायालयीन कागद असेल, तर ‘ताहाल’ शोभतो. निवेदन भूतकाळातले असेल तर ‘उस वक़्त तक’ लिहावे. ‘क़ब्ल अज़ीं’ किंवा ‘इससे क़ब्ल’ हेही काही अनुवादक वापरतात, पण ते मला समाधानकारक वाटत नाही, कारण त्याचा अर्थ ‘याआधी’ एवढाच होतो आणि मागून या क्षणापर्यंत सलग चालत आल्याची जाणीव त्यात हरवते. ‘हनोज़’ किंवा ‘हनूज़’ हा सुंदर फ़ारसी शब्द मिर्झा ग़ालिब (१७९७–१८६९) यांच्या काव्यात वारंवार भेटतो, म्हणून साहित्याची आवड असलेले विद्यार्थी तो मोठ्या हौसेने पुढे करतात. तो येथे अजिबात चालत नाही.

‘अब तक’ हा अर्थ बरोबर असेल, तर वाक्ये का चुकतात?

कारण उर्दूतले ‘अब तक’ एकटेच चार कामे करते आणि इंग्रजीत त्या चार कामांना चार वेगळे शब्द आहेत. पुढील चार उर्दू वाक्ये पाहावीत.

‘वह अब तक सो रहा है।’
‘ख़त अब तक नहीं आया।’
‘अब तक पचास दरख़्वास्तें आई हैं।’
‘अब तक यह सड़क कच्ची थी।’

मराठीत सांगताना आपण पहिल्या दोन वाक्यांत ‘अजून’ म्हणतो : तो अजून झोपला आहे, पत्र अजून आले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात ‘अजून’ चालत नाही, तेथे ‘आतापर्यंत’ लागते : आतापर्यंत पन्नास अर्ज आले आहेत, आतापर्यंत हा रस्ता कच्चा होता. म्हणजे उर्दूला जेथे एक शब्द पुरतो तेथे मराठी आधीच दोन करते, आणि मराठी शिक्षकाला हा मोठाच फायदा आहे. इंग्रजी आणखी पुढे जाते. पहिल्या वाक्यात ‘स्टिल’, दुसऱ्यात ‘यट’, तिसऱ्यात ‘सो फार’ आणि फक्त चौथ्यात ‘हिदरटू’ आपल्या घरी असते. तिसऱ्या वाक्यात ‘हिदरटू’ घातले तर वाक्य अशुद्ध होत नाही, पण जड आणि अवघडलेले वाटते. पहिल्या दोन वाक्यांत मात्र ते सरळ चूक आहे.

चौथे वाक्य वेगळे का, हे ओळखण्याची एक कसोटी वर्गात उपयोगी पडते. उर्दू वाक्याच्या पुढे ‘मगर अब’ जोडून पाहावे. ‘अब तक यह सड़क कच्ची थी, मगर अब…’ हे वाक्य आपोआप पुढे सरकते, ऐकणाऱ्याला पुढे डांबरीकरणाची बातमी अपेक्षित असते. ‘वह अब तक सो रहा है, मगर अब…’ हे अडखळते, कारण झोप या क्षणीही चालूच आहे, हद्द आलेलीच नाही. जेथे ‘मगर अब’ सहज जोडता येते तेथे ‘हिदरटू’ बसण्याची शक्यता असते, जेथे येत नाही तेथे तो शब्द लिहू नये. ही कसोटी शंभर टक्के अचूक नाही. ‘अब तक की सबसे उम्दा कोशिश’ अशा रचनेत बदलाची सूचना नसतानाही इंग्रजीत हा शब्द येऊ शकतो. तरीही शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला आधार मला सापडलेला नाही.

उर्दूत ‘अब तक’ आणि ‘अभी तक’ यांतही भेद आहे. ‘अभी तक नहीं आया’ यात वाट पाहणाऱ्याची अधीरता असते, कधी तक्रारही असते. ‘हिदरटू’ भावनेच्या बाबतीत पूर्ण कोरा शब्द आहे. त्यामुळे ‘अभी तक’चे भाषांतर ‘हिदरटू’ने कधीही करू नये.

‘हनोज़’ का चालत नाही?

याचे उत्तर एका प्रसिद्ध फ़ारसी वाक्यातच आहे. बंगालच्या मोहिमेवरून परतणारा सुलतान गयासुद्दीन तुघलक आणि दिल्लीचे सूफी संत हज़रत निज़ामुद्दीन औलिया यांच्यात वितुष्ट होते, आणि सुलतान दिल्लीकडे निघाल्याचे कळल्यावर ‘हनोज़ दिल्ली दूर अस्त’ असे उद्गार संतांनी काढले, अशी परंपरा सांगते. सुलतान दिल्लीत पोहोचण्यापूर्वीच, १३२५ मध्ये, लाकडी मंडप कोसळून मरण पावला. या वाक्याचा मराठी अर्थ ‘दिल्ली अजून दूर आहे’ असा आहे. इंग्रजीत येथे ‘स्टिल’ हवे. त्याऐवजी ‘हिदरटू’ घातले, तर ‘आतापर्यंत दिल्ली दूर होती’ असा अर्थ निघेल, म्हणजे आता ती जवळ आली, असे सूचित होईल आणि संतांच्या इशाऱ्याच्या नेमके उलटे विधान तयार होईल. उर्दू माध्यमातल्या मुलांना ही कथा बहुधा घरातूनच माहीत असते, म्हणून हे उदाहरण मी नेहमी देतो.

‘ताहाल’ हा शब्द उर्दू वर्तमानपत्रांत सतत येतो. तो ‘हिदरटू’च ना?

घडणीने तो अगदी जुळा आहे, कारण ‘ता’ म्हणजे ‘पर्यंत’ आणि ‘हाल’ म्हणजे वर्तमान क्षण. पण वृत्तपत्री उर्दूत त्याचा उपयोग बराच वेगळ्या कामासाठी होतो. ‘ताहाल कोई गिरफ़्तारी अमल में नहीं आई’ हे वाक्य घ्यावे. मराठी वार्ताहर येथे ‘अद्याप कोणालाही अटक झालेली नाही’ असे लिहील. यात अटक होण्याची अपेक्षा खुली आहे, हद्द गाठलेली नाही. इंग्रजीत येथे ‘सो फार’ किंवा ‘अ‍ॅज यट’ हवे. म्हणजे ‘हिदरटू’चे उर्दू भाषांतर ‘ताहाल’ करणे अनेकदा योग्य असते, पण ‘ताहाल’चे इंग्रजी भाषांतर दर वेळी ‘हिदरटू’ करणे योग्य नसते. भाषांतराची वाट दोन्ही दिशांनी सारखी नसते, ही गोष्ट अनुवादाचे काम करणाऱ्यांनी या जोडीच्या निमित्ताने पक्की करावी.

क्रियापदाचा काळ कोणता असावा?

उर्दू क़वायदीच्या संज्ञांत सांगायचे तर, हद्द ‘आत्ता’ची असेल तेव्हा माज़ी क़रीबला जुळणारा इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ आणि हद्द भूतकाळातली असेल तेव्हा माज़ी बईदला जुळणारा पूर्ण भूतकाळ वापरावा. ‘द रोड हॅज हिदरटू बीन अनमेटल्ड’ म्हणजे रस्ता आजवर कच्चा राहिला आहे. ‘द रोड हॅड हिदरटू बीन अनमेटल्ड’ म्हणजे ज्या वेळची हकीकत चालू आहे त्या वेळेपर्यंत तो कच्चा होता.

उर्दूत ‘अब तक यह सड़क कच्ची थी’ असा साधा ‘थी’ येतो, त्यामुळे विद्यार्थी ‘वॉज’ लिहितो. ते पूर्ण चूक म्हणता येणार नाही, चांगल्या इंग्रजी लेखनातही ते आढळते. परंतु शिकणाऱ्याने पूर्णकाळच वापरावा, कारण मागून चालत आलेली स्थिती त्यानेच ठळक होते. ‘इज’सारखा साधा वर्तमानकाळ येथे बसत नाही, आणि भविष्यकाळाशी तर या शब्दाचे कधीच जमत नाही. ‘आइंदा’ किंवा ‘अब से’ असे म्हणायचे असेल, तर त्यासाठी ‘हेन्सफोर्थ’ हा दुसरा शब्द आहे.

वाक्यात त्याची जागा कुठे असते?

सर्वांत जास्त वेळा तो एखाद्या विशेषणाच्या किंवा विशेषणासारख्या धातुसाधिताच्या अगदी आधी येतो : ‘अ हिदरटू नेग्लेक्टेड पोएट’. याचे मराठी ‘आजवर दुर्लक्षित राहिलेला कवी’ असे शब्दाला शब्द लावून होते, कारण मराठीत ‘राहिलेला’, ‘झालेला’, ‘केलेला’ अशी रूपे नामाच्या आधी मोकळेपणाने येतात. उर्दूला येथे थोडी कसरत करावी लागते. ‘अब तक नज़रअंदाज़-शुदा शायर’ ही रचना शक्य आहे, पण बोजड वाटते, म्हणून ‘वह शायर जिसे अब तक नज़रअंदाज़ किया गया’ असे संबंधी वाक्य करणे अधिक स्वाभाविक ठरते. विद्यार्थ्याला मराठी येत असेल, आणि महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांत मराठी शिकवलीच जाते, तर त्याला आधी मराठी रूप सुचवावे आणि मग इंग्रजीकडे न्यावे. अनेकदा हा वळसाच जवळचा पडतो. या रचनेत दोन शब्दांमध्ये जोडरेघेची गरज नसते.

दुसरी जागा सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये, जशी वरच्या रस्त्याच्या वाक्यात आहे. तिसरी जागा वाक्याच्या प्रारंभी, पुढे स्वल्पविराम देऊन. वाक्याच्या शेवटी हा शब्द लंगडा वाटतो, तेथे तो ठेवू नये.

‘१९४७ तक’ याचे भाषांतर ‘हिदरटू १९४७’ असे करता येईल का?

नाही. ही चूक फार सर्रास होते आणि तिचे कारण उर्दूच्या रचनेत आहे. ‘तक’ हा शब्द कोणत्याही नामाला लागतो : शाम तक, दिल्ली तक, १९४७ तक. विद्यार्थी ‘हिदरटू’ला ‘तक’चा जुळा समजतो आणि त्याच्यापुढे नाम ठेवतो. पण ‘हिदरटू’मध्ये ‘टू’च्या रूपाने ‘तक’ आणि ‘हिदर’च्या रूपाने हद्द, दोन्ही आधीच आलेली आहेत. त्याला आणखी नाम जोडता येत नाही. ‘१९४७ तक’साठी ‘अन्टिल’ किंवा ‘टिल’ हेच शब्द आहेत. याच कारणाने ‘टिल हिदरटू’ किंवा ‘हिदरटू नाउ’ या रचनाही चूक आहेत, त्यांत एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

‘हिदरटू अननोन’ हा प्रयोग इतका का आढळतो, आणि तो निर्धोक आहे का?

शास्त्रीय आणि ऐतिहासिक लेखनात नव्याने उजेडात आलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना तो हाताशी येतो. उर्दूत ‘अब तक नामालूम’ किंवा ‘ताहाल ग़ैर-मारूफ़’, मराठीत ‘आजवर अज्ञात’. प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण वापरण्यापूर्वी ‘कोणाला अज्ञात?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

अजिंठ्याचे उदाहरण घ्यावे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात गेला आणि त्याला लेणी दिसली. त्यानंतर ती ‘हिदरटू अननोन’ म्हणून अनेकांनी वर्णिली. पण परिसरातल्या लोकांना ती माहीत होतीच. अज्ञात होती ती युरोपीय अभ्यासकांना. क्रियाविशेषण आणि विशेषण एकत्र आले की जाणणारा आणि न जाणणारा, दोघेही वाक्यातून नाहीसे होतात, आणि वाचकाला वाटते की जगात कोणालाच ती गोष्ट ठाऊक नव्हती. ‘हिदरटू अननोन टू युरोपियन स्कॉलर्स’ असे लिहिले की विधान खरे होते. उर्दूत ‘जिनसे यूरोपी मुहक़्क़िक़ उस वक़्त तक नावाक़िफ़ थे’ असे लिहावे. यात ‘उस वक़्त तक’ आले आहे हेही पाहावे, कारण हद्द १८१९ ची आहे, आजची नव्हे.

दुसरे उदाहरण युरेनस ग्रहाचे. विल्यम हर्शेल यांनी तो १३ मार्च १७८१ रोजी दुर्बिणीतून पाहिला, आणि सूर्यमालेत एका ग्रहाची भर पडली. पण तो त्याआधीही पाहिला गेला होता. जॉन फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्येच त्याची नोंद तारा समजून केली होती. तेव्हा काटेकोर लेखकाने ‘अननोन’ऐवजी ‘अनरेकग्नाइज्ड’, म्हणजे ‘तोवर न ओळखलेला’, असे लिहावे. उर्दूत ‘नामालूम’ आणि ‘नाशनाख़्ता’ यांत हाच भेद आहे.

‘हिअरटू’, ‘हिअरटूफोर’ आणि ‘हिदरटू’ एकच आहेत का?

‘हिअरटूफोर’ अर्थाने जवळजवळ एकच आहे, फक्त तो कायद्याच्या भाषेत अधिक आढळतो. ‘हिअरटू’ मात्र पूर्णपणे निराळा आहे आणि करारनाम्यांचे भाषांतर करणाऱ्यांनी त्याच्यापासून फार सांभाळून राहावे. ‘द पार्टीज हिअरटू’ म्हणजे ‘या कराराचे पक्षकार’, उर्दूत ‘इस मुआहदे के फ़रीक़’. त्यात काळाचा अंशही नाही. घाईत वाचणाऱ्याने ‘अब तक के फ़रीक़’ असे भाषांतर केले, तर जुने पक्षकार आता राहिले नाहीत असा अनर्थ होईल.

‘प्रीव्हियसली’ आणि ‘फॉर्मर्ली’ यांच्यापासून तो कसा वेगळा?

‘प्रीव्हियसली’ म्हणजे ‘याआधी केव्हातरी’. ती वेळ या क्षणाला भिडलेली असण्याची गरज नाही. ‘फॉर्मर्ली’ म्हणजे ‘पूर्वी, एके काळी’, उर्दूतल्या ‘साबिक़’च्या जवळचा. ‘हिदरटू’मध्ये मागची स्थिती हद्दीपर्यंत सलग येते, मध्ये खंड नसतो.

मराठीतला ‘आजतागायत’ हा शब्द यासाठी योग्य आहे का?

या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे, कारण मराठी आणि उर्दू येथे फार जवळ येतात. ‘तागायत’मधला ‘ता’ हा ‘ताहाल’मधलाच फ़ारसी ‘ता’ आहे, आणि ‘ग़ायत’ हा हद्द किंवा शेवट या अर्थाचा अरबी शब्द आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत येणारे ‘लगायत’ आणि आपण आजही लिहितो ते ‘तहहयात’ याच कुळातले. उर्दूत ‘लग़ायत’ आणि ‘ताहयात’ अशी रूपे आहेत. उर्दूभाषक मुलाला ‘आजतागायत’ची फोड करून दाखवली की परका वाटणारा मराठी शब्द त्याला आपला वाटू लागतो, आणि मला हे पाहताना नेहमी आनंद होतो.

पण ‘हिदरटू’साठी तो जपून वापरावा. ‘तो घर सोडून गेला, तो आजतागायत परतला नाही’ या वाक्यात स्थिती आजही तशीच आहे आणि ती तुटण्याची कोणतीही खूण नाही. इंग्रजीत येथे ‘टू धिस डे’ हवे. ‘हिदरटू’साठी ‘आजवर’, ‘आतापर्यंत’ आणि भूतकाळी संदर्भात ‘तोवर’, ‘तोपर्यंत’ हे शब्द अधिक नेमके आहेत.

कोश कोणता पाहावा?

इंग्रजीतून उर्दूसाठी मौलवी अब्दुल हक़ यांच्या संपादनाखाली अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दूने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेला मोठा कोश आजही मोलाचा आहे. तो औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सिद्ध झाला, ही महाराष्ट्रातल्या उर्दूभाषकांनी आणि मराठी भाषकांनीही जपण्यासारखी गोष्ट आहे. उर्दूतून इंग्रजीकडे जाताना जॉन प्लॅट्स यांचा १८८४ चा कोश उपयोगी पडतो. मात्र द्विभाषिक कोश प्रतिशब्द देतात, वाक्यातली जागा आणि काळ सांगत नाहीत. त्यासाठी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडून त्यातली उदाहरणवाक्ये वाचावीत.

बोलताना किंवा अर्जात हा शब्द वापरावा का?

बोलताना वापरू नये. ‘सो फार’, ‘अन्टिल नाउ’ हे शब्द बोलण्यात सहज येतात. नोकरीच्या अर्जात किंवा पत्रातही तो उगाच घातलेला दिसतो. निबंध, अहवाल, संशोधनलेख आणि न्यायालयीन लेखन ही त्याची खरी क्षेत्रे. एका लेखात तो एकदा आला तर शोभतो, दर परिच्छेदात आला तर वाचक वैतागतो. ओळखता मात्र प्रत्येकाला यावा, कारण उताऱ्यावरील प्रश्नांत अनेकदा सगळा अर्थ याच एका शब्दावर टेकलेला असतो.

वर्गात सराव कसा घ्यावा?

इंग्रजीतून सुरुवात न करता विद्यार्थ्यांच्या रोजच्या उर्दूतून करावी. ‘अब तक’ किंवा ‘अब तलक’ असलेली वाक्ये त्यांच्याकडूनच मागवावीत, फळ्यावर लिहावीत, आणि प्रत्येकापुढे ‘मगर अब’ जोडून पाहायला सांगावे. जी वाक्ये टिकतील तेवढीच इंग्रजीत न्यावीत. भिवंडी-मालेगावच्या मुलांच्या घरी यंत्रमाग असतात, तेथून वाक्ये भराभर येतात. ‘अब तक हमारा कारख़ाना सिर्फ़ दिन में चलता था, मगर अब रात को भी चलेगा’ हे वाक्य फळ्यावर आले, की प्रथम त्याचे मराठी करून घ्यावे : ‘आजवर फक्त दिवसा चालणारा आमचा कारखाना आता रात्रीही चालेल.’ मग इंग्रजी : ‘अवर फॅक्टरी, विच हॅज हिदरटू रन ओन्ली बाय डे, विल नाउ रन अ‍ॅट नाइट अ‍ॅज वेल.’ येथे ‘चलता था’चे ‘हॅज रन’ का झाले, शब्द सहायक क्रियापदाच्या मागोमाग का बसला आणि ‘नाउ’ कोणत्या ‘मगर अब’मधून आले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावेत. त्यानंतर ‘लूम अब तक बंद है’ हे वाक्य द्यावे आणि त्यात ‘हिदरटू’ का येत नाही, ‘स्टिल’ का येते, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.